डब्यात ट्रॅव्हल बग सापडला, आता पुढे काय?

पायवाट (श्टुटगार्ट)

नमस्कार मंडळी,

जिओकॅशिंगवर, म्हणजे जीपीएसच्या मदतीने लपवलेले डबे शोधण्याच्या खेळावर, इथे आधी लिहिलं गेलंय, पण ते सगळं डबे शोधण्याबद्दल. डब्यात जे ट्रॅकेबल (कोड असलेल्या, डब्याडब्यांतून फिरणाऱ्या वस्तू) सापडतात त्यांचं काय करायचं, नोंद कशी करायची, यावर मराठीत सविस्तर काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा. निमित्त झालं आमच्या इथल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं. एकाने जिओकॉइनचा अगदी जवळून काढलेला फोटो टाकला. नाण्याच्या कडेवरचा कोड त्यात अक्षरन् अक्षर वाचता येत होता. तोच फोटो फेसबुकवर गेला आणि रात्रीपर्यंत साइटवरच्या त्या नाण्याच्या पानावर 'डिस्कव्हर'च्या, म्हणजे 'बघितलं' अशा नोंदींची रांग लागली. त्यातल्या एकानेही ते नाणं हातात घेतलेलं नव्हतं.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकेने मे २००० च्या सुरुवातीला काढून टाकली. लगेच ३ मे रोजी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ डेव्ह अल्मर यांनी सामान भरलेली एक बादली झाडीत ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. खेळ तिथून सुरू झाला. आज जगभरात तीस लाखांहून जास्त डबे आहेत. डबा शोधायचा, आतल्या वहीत सही करायची, होता तसा परत लपवायचा.

ट्रॅकेबल म्हणजे या डब्यांतून फिरणारी वस्तू. ट्रॅव्हल बग सगळ्यात नेहमीचा: सैनिकांच्या ओळखपट्टीसारखी धातूची पट्टी, तिच्यावर बारकोड असलेल्या किड्याचं चित्र आणि खाली कोड. पट्टीला साखळीने काहीतरी अडकवलेलं असतं, छोटं खेळणं, किल्ली, शिंपला, काहीही. जिओकॉइन हे त्याचंच नाण्याच्या रूपातलं भावंड. मालक वस्तूला एखादं उद्दिष्ट देतो, म्हणजे 'मला समुद्र बघायचाय' किंवा 'मला अमुक देशात पोचवा', आणि पहिल्या डब्यात सोडून देतो. पुढचा प्रवास अनोळखी लोकांच्या हातून.

आता मुद्दा. वस्तू एकदा सोडली की मालकाला ती बहुधा पुन्हा बघायला मिळत नाही. त्याला परत मिळतात त्या फक्त नोंदी: कुणी उचलली, कुठे नेली, तिथे काय दिसलं. मी पट्टीचे पैसे भरले, मुलाचं खेळणं तिला अडकवलं, ते कशासाठी, तर हे वाचायला मिळावं म्हणून. त्यामुळे ट्रॅकेबल उचलणाऱ्यावर एकच खरी जबाबदारी येते, आणि ती म्हणजे नोंद. वेळेवर, खरी आणि चार शब्द लिहून केलेली.

जिओकॅशिंगच्या साइटवरचे नोंदीचे पर्याय सुरुवातीला गोंधळात टाकतात. वस्तू साइटच्या लेखीही त्याच डब्यात असेल आणि तुम्ही ती बरोबर घेतली असेल तर 'रिट्रीव्ह'. साइटवर ती दुसऱ्या कुणाच्या नावावर किंवा भलतीकडेच दिसत असेल, पण तुमच्या हातात असेल, तर 'ग्रॅब'. दुसऱ्या डब्यात ठेवलीत तर त्या डब्याची नोंद करतानाच 'ड्रॉप'. नुसती बघितली आणि होती तिथेच ठेवली तर 'डिस्कव्हर', याने वस्तूची जागा बदलत नाही. ती बरोबर घेऊन डब्यापर्यंत गेलात पण आत ठेवली नाही, तर 'व्हिजिट'. बाकी काही सांगायचं असेल तर 'नोट'.

आणि कोड दोन असतात, हे कृपया लक्षात ठेवा. एक टी-बी या अक्षरांनी सुरू होणारा, सगळ्यांना दिसणारा. दुसरा वस्तूवर कोरलेला, ज्याच्या हातात वस्तू आहे त्यालाच कळावा असा. हा दुसरा कोड नोंदीत लिहायचा नाही, फोटोत दाखवायचा नाही. फोटो काढताना पट्टीवर अंगठा ठेवा.

तुमचे अनुभव लिहा. मतभेद असतील तर तेही.

---

निवांत_नदी (पुणे)

फार उपयोगी लिहिलंत. माझा प्रश्न जरा वेगळा आहे. माझा मामेभाऊ न्यूझीलंडहून आला होता तेव्हा लाकडी मासा अडकवलेली अशी एक पट्टी माझ्या मुलीला देऊन गेला. आम्हाला ते किचेनच वाटलं. ती कित्येक दिवस शोकेसमध्ये आहे. तुमचा लेख वाचून पट्टी बघितली तर किड्याचं चित्र आहे आणि सहा अक्षरांचा कोडही आहे. आता हे कुणाला परत करायचं? मालकाला राग आला असेल का?

---

पायवाट (श्टुटगार्ट)

@निवांत_नदी ताई, राग येईल अशी शक्यता कमी. असे बग वर्षानुवर्षांनी वर येतात आणि मालकांना आनंदच होतो. तुम्ही एवढं करा: जिओकॅशिंग डॉट कॉमवर फुकट खातं उघडा, ट्रॅकेबलच्या पानावर तो कोड टाका. वस्तूचं पान उघडेल, त्यावर मालकाने उद्दिष्ट लिहिलं असेल ते आधी वाचा. मग 'ग्रॅब' करा. मालकाने किंवा डबेवाल्याने (म्हणजे डबा लपवणाऱ्याने) ती 'हरवली' अशी खूण केली असली तरी ग्रॅब होते आणि बग पुन्हा चालू लागतो. मामेभावाच्या नावावर दिसत असेल तर आधी त्याला फोन करा, म्हणजे त्यालाही कळेल. नोंदीत आता जे इथे लिहिलंत तेच लिहा.

---

बे_एरियातली_काकू

मी मालकाच्या बाजूने लिहिते. आम्ही लेकीच्या सहाव्या वाढदिवसाला एक बग सोडला होता. त्याला तिच्या आजीने शिवलेली कापडी चिमणी अडकवली होती. उद्दिष्ट एवढंच की चिमणीने जितक्या जमतील तितक्या झाडांवर बसून फोटो काढून घ्यावेत. ओरेगनमधल्या एका जोडप्याने तिला रेडवुडच्या फांदीवर बसवून फोटो टाकला. फिनलंडच्या एका शाळेच्या वर्गाने बर्फातल्या बर्चवर बसवलं आणि मुलांनी ओळभर लिहिलं. लेक शाळेतून आली की आधी ते पान उघडायची.

मग चिमणी एका खेळाडूच्या खात्यात गेली आणि तिथून पुढे नुसत्या 'व्हिजिट' सुरू झाल्या. एकाच दिवसात ढीगभर डबे, एकाही नोंदीत एक शब्द नाही, एक फोटो नाही. ॲपमध्ये आपोआप व्हिजिट लागण्याची सोय असते, ती चालू ठेवली की बॅगेतल्या प्रत्येक वस्तूची नोंद प्रत्येक डब्यावर पडत जाते. किलोमीटर वाढतात. पण फिनलंडच्या मुलांनी लिहिलेली ओळ शोधायला आता कितीतरी पानं मागे जावं लागतं.

मला माहितेय, त्या माणसाच्या मनात वाईट काही नसेल. पण बग घेतलात तर त्याच्यासाठी थोडा वेळ काढा हो. वेळ नसेल तर डब्यातच राहू द्या, दुसरं कुणी नेईल.

---

चकवा (ठाणे, सध्या दुबई)

काकू, चिमणीबद्दल वाईट वाटलं. पण व्हिजिटबद्दल माझं मत वेगळं आहे. आमच्यासारखे कामानिमित्त फिरणारे एखादा बग काही दिवस बरोबर ठेवतात, कारण तो सुरक्षित राहतो आणि त्याला खरोखर जग बघायला मिळतं. डब्यात ठेवला की चोरीला जायची भीती. विशेषतः नाणी. चांगलं जिओकॉइन उघड्यावर फार दिवस टिकत नाही, हे कुठलाही जुना खेळाडू सांगेल. काही मालक म्हणूनच अस्सल नाणं घरी ठेवतात आणि त्याची नक्कल प्रवासाला पाठवतात.

दुसरं म्हणजे डिस्कव्हर. मेळाव्यांत लोक आपल्या ट्रॅकेबलचे आल्बम टेबलावर मांडतात, सगळे कोड लिहून घेतात आणि घरी जाऊन नोंदवतात. कारवर स्टिकर असतात, टी-शर्टवर कोड असतात, काहींनी तर अंगावर गोंदून घेतलेत. हे सगळं डिस्कव्हर करण्यासाठीच आहे. मग फोटोतून केलं तर एवढं काय बिघडलं? मंगळावरचा ट्रॅकेबल तर सगळ्यांनी फोटोतूनच नोंदवलाय!

---

पायवाट (श्टुटगार्ट)

@चकवा, मंगळाचं उदाहरण आणलंत ते बरं झालं, कारण त्यातच उत्तर आहे. नासाचा पर्सिव्हिअरन्स रोव्हर १८ फेब्रुवारी २०२१ ला मंगळावर उतरला. त्याच्या शर्लॉक नावाच्या उपकरणाची नेमकेपणा-तपासणी करायला एक पट्टी बसवली आहे, तिच्यावर अंतराळवीरांच्या सूटच्या कापडाचे वगैरे नमुने आहेत. हेल्मेटच्या काचेचं पॉलिकार्बोनेट जिथे आहे तिथे ट्रॅकेबलचा कोड आहे. रोव्हरने पाठवलेल्या फोटोंत तो शोधा आणि नोंदवा, असं आमंत्रण त्या मंडळींनीच लोकांना दिलं. तिथे जाऊन हातात घेण्याचा प्रश्नच नव्हता.

मेळाव्यातला आल्बमही तसाच. मालक स्वतः समोर बसलाय, पानं उलटू देतोय. गाडीवरचा स्टिकर मालकानेच लावलाय. त्याची परवानगी आहे. ग्रुपवरच्या त्या नाण्याच्या मालकाने कुणाला काही दाखवलं नव्हतं, दाखवलं तिसऱ्याच माणसाने. कोडांच्या याद्या नेटवर फिरतात, त्या घेऊन एका बैठकीत शेकडो डिस्कव्हर करणारे लोक आहेत, प्रोफाइलवर नवीन चिन्हं जमतात म्हणून. मालकाला अशा नोंदी पुसण्याचा अधिकार आहे आणि तो वापरला तर तक्रार करायला जागा नाही.

गोंदवलेल्या आणि गाडीवरच्या कोडांबाबत एक: तिथे चुकूनही 'ग्रॅब' दाबू नका. साइट तुम्हाला अडवत नाही. कुणाची गाडी तुमच्या खात्यात जाऊन बसते आणि तो बिचारा ती परत मिळवायला मेल लिहीत बसतो.

व्हिजिटबद्दल मात्र तुमचं अर्धं म्हणणं मला पटतं. बग सुरक्षित हातात फिरणं चांगलंच. पण दोन आठवड्यांच्या आसपास तो पुढे सोडावा अशी रीत आहे, आणि त्याहून जास्त ठेवायचा असेल तर मालकाला तसं कळवावं. 'अजून महिनाभर माझ्याकडे राहील, पुढच्या महिन्यात जॉर्डनला नेतोय' एवढा निरोप पुरतो. आणि आपोआप व्हिजिट बंद करून खास जागांचीच नोंद केली, एखादा फोटो जोडला, तर काकूंसारख्या मालकांना वाचायला काही राहील.

---

चकवा (ठाणे, सध्या दुबई)

परवानगीचा मुद्दा मान्य. कोडांच्या याद्या मीही वापरत नाही. आपोआप व्हिजिट आत्ताच बंद करतो.

---

उत्तरायण (ऑस्लो)

सगळ्यात जास्त कुरबुरी ज्यावरून होतात तो प्रकार अजून आलाच नाही: नोंदींचा क्रम.

समजा शनिवारी दुपारी मी एक बग जंगलातल्या डब्यात ठेवला. नोंद रविवारी रात्री घरी पोचल्यावर करणार. रविवारी सकाळी तुम्ही तोच डबा उघडलात, बग घेतलात आणि गाडीपाशी उभं राहून फोनवरून कोड टाकलात. साइटच्या लेखी बग अजून माझ्याच नावावर आहे, म्हणून तुम्हाला रिट्रीव्ह दिसत नाही, ग्रॅब दिसतं. तुम्ही ते दाबलंत. रात्री मी ड्रॉप करायला जातो तर माझ्या यादीत बगच नाही. परिणाम काय, तर त्या जंगलातल्या डब्याची नोंद बगच्या प्रवासात राहतच नाही. नकाशावरची रेघ आधीच्या गावाहून थेट तुमच्या पुढच्या डब्यापर्यंत जाते.

मग काही लोक चिडून बग स्वतःकडे परत ग्रॅब करतात, ड्रॉप करतात, आणि तो साइटवर डब्यात दिसायला लागतो, जेव्हा प्रत्यक्षात तो तुमच्या खिशात आहे. तुम्ही पुन्हा ग्रॅब करता. मालकाच्या पानावर ही ओढाताण सगळी दिसते.

मी काय करतो ते सांगतो. बग साइटवर दुसऱ्याच्या नावावर दिसला तर दोन-तीन दिवस थांबतो. आधी ठेवणाऱ्याने ड्रॉप केलं की मग शांतपणे रिट्रीव्ह. तेवढ्यात नाहीच केलं तर त्याला निरोप पाठवतो. तरी उत्तर नाही, तर ग्रॅब करतो, मग ज्या डब्यात मला बग सापडला त्याच डब्यावर एक 'नोट' लिहून त्यात ड्रॉप करतो, आणि लगेच तिथून रिट्रीव्ह. याने बगचा रस्ता बरोबर जुळतो. डबा आधी सापडलेला असला तरी 'नोट'मधून ड्रॉप करता येतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. नोंदीच्या तारखा मात्र नीट घाला.

उलट बाजूने, तुम्ही ठेवणारे असाल आणि कुणी आधीच ग्रॅब केलं असेल, तर हिसकावून घेऊ नका. बगच्या पानावर साधी 'नोट' लिहा, की मी अमुक तारखेला तमुक डब्यात ठेवला होता. मालकाला कथा कळते, तेवढं पुरतं.

---

दगडधोंडे (नाशिक)

उत्तरायण यांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे.

मी महाराष्ट्रात खेळतो, तर इथली परिस्थिती लिहितो. युरोपात हायवेच्या फाट्यावर मोठाले डबे असतात, त्यांना ट्रॅव्हल बग हॉटेल म्हणतात, आत मुक्कामाला बरेच बग. आपल्याकडे डबे मुळातच विरळ आहेत. शहरातले तर बोटाच्या पेराएवढे असतात, त्यात गुंडाळलेली कागदाची पट्टीच कशीबशी मावते. मोठा डबा शहरात ठेवणं बरोबरही नाही. स्टेशनवर 'बेवारस वस्तूला हात लावू नका' असं दिवसभर ऐकत मोठे झालेले लोक आपण. कुणी पोलिसांना फोन केला तर त्यात त्याची चूक नाही. त्यामुळे बग मावेल असा डबा हवा तर गावाबाहेर, डोंगरात जावं लागतं. तिथे पावसाळ्याचे चार महिने कुणी फिरकत नाही, वहीचा लगदा होतो, कापडी खेळण्याला बुरशी लागते. धातूची पट्टी टिकते, चिमणी टिकणार नाही.

म्हणून परदेशातल्या मंडळींना विनंती आहे. सुट्टीवर येताना बग जरूर आणा, इथल्या मुलांना त्याचं फार अप्रूप असतं. पण आधी मालकाला विचारा, की भारतात नेतोय, तिथे डबे कमी आहेत, पुढे निघायला वेळ लागू शकतो, चालेल का? बरेच जण आनंदाने हो म्हणतात, भारताचा ठिपका नकाशावर हवाच असतो. ठेवण्याआधी डब्याच्या शेवटच्या नोंदी वाचा. वर्षभरात कुणाला सापडलेला नसेल तर तिथे ठेवू नका, परत घेऊन जा. बग झिपच्या पिशवीत घाला. आणि 'एक घ्या तर एक ठेवा' अशी पाटी हॉटेलांवर असते ती बंधनकारक नसते. बग तो काही अदलाबदलीचा माल नव्हे, न ठेवता घेतला तरी चालतो.

जाता जाता, सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारी जीपीएस यंत्रं बरोबर आणू नका. भारतात ती परवान्याशिवाय चालत नाहीत, गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटकांना त्यावरून अडवलेलं आहे. फोन पुरतो.

---

बे_एरियातली_काकू

दगडधोंडे, अगदी खरं. पूर्वी आमच्या गावी एसटीच्या कंडक्टरच्या हाती पुडकं द्यायचे, तो ते पुढच्या गावच्या थांब्यावर ओळखीच्या दुकानात ठेवायचा. पुडक्यात काय आहे हे त्याचं काम नव्हतं, पण पोचलं की नाही हे तो परतीच्या फेरीत सांगायचाच. बगच्या बाबतीत मी एवढीच अपेक्षा धरते.

अजून एक विनंती. डब्याच्या यादीत बग दिसतो पण आत नसतो, असं फार वेळा होतं. तेव्हा आपल्या नोंदीत 'आत एकही ट्रॅकेबल नव्हता' असं लिहा. मग आम्ही मालक किंवा तो डबेवाला त्याला 'हरवला' अशी खूण करू शकतो. नाहीतर मुलं नुसत्या यादीच्या भरवशावर डोंगर चढून जातात आणि हिरमुसतात. आणि पट्टीपासून खेळणं वेगळं करू नका. पट्टी हरवली तर ते खेळणं नुसतं खेळणं उरतं, कुणाला पत्ता लागत नाही.

---

चकवा (ठाणे, सध्या दुबई)

काकू, चिमणी अजून त्याच खात्यात आहे का? मालकाला पट्टीची जोडीची दुसरी पट्टी मिळते, दोन्हींवर कोड तोच. मूळ बग परत आलाच नाही तर दुसरी पट्टी नवीन वस्तूला लावून त्याच पानावर प्रवास पुढे चालू करता येतो. पण त्याआधी त्या माणसाला सरळ लिहून बघा. शिव्या न देता, मुलीचं वय वगैरे सांगून. मला कुणी असं लिहिलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी डब्यात ठेवून फोटो पाठवला असता.

---

बे_एरियातली_काकू

दुसरी पट्टी आहे घरात. आधी लिहिते त्याला. इंग्रजीत लिहून लेकीकडून तपासून घेते.

---

निवांत_नदी (पुणे)

खातं उघडलं, कोड टाकला, पान उघडलं! मासा न्यूझीलंडच्या एका शाळकरी मुलाचा आहे. उद्दिष्ट लिहिलंय, की प्रत्येक समुद्राच्या काठी जायचंय. पॅसिफिक झालाय, टास्मान समुद्र झालाय. मामेभावाला फोन केला, तो म्हणाला डब्यातून घेतला होता पण नोंद करायची असते हे त्याला माहीत नव्हतं. मी ग्रॅब केलं आणि सगळी हकीकत लिहिली. मुलीने शोकेसमधला फोटो काढला, पट्टीवर बोट ठेवून.

मालकाच्या आईचं उत्तरही आलं. त्यांनी मासा हरवला असंच धरलं होतं. मुलगा आता कॉलेजात आहे. अरबी समुद्र दाखवाल का, असं विचारलंय. आम्हाला मे महिन्यापर्यंत कोकणात जाणं जमणार नाही. कुणी जाणार आहे का?

---

दगडधोंडे (नाशिक)

मी पुढच्या आठवड्यात गोव्याला चाललोय, वाटेत पुण्यात मुक्काम आहे. किनाऱ्याच्या भागात बग मावेल असा आणि अलीकडे कुणाला तरी सापडलेला डबा नकाशावर बघून ठेवतो. तसा मिळाला नाही तर समुद्राचा फोटो काढून तिथल्याच एखाद्या छोट्या डब्यावर व्हिजिट नोंदवतो आणि मासा तुमच्याकडे परत आणून देतो.

---

निवांत_नदी (पुणे)

चालेल, दादा! हातोहात देताना नोंद कशी करायची? मी ड्रॉप करायचं का आधी?

---

दगडधोंडे (नाशिक)

नाही, डबा नाही तर ड्रॉप नाही. तुमच्या नावावरच राहू द्या. मासा माझ्या हातात आला की मी कोड टाकून ग्रॅब करतो, त्याच नोंदीत लिहितो की पुण्यात तुमच्याकडून मिळाला. तुम्हाला वेगळं काही करायचं नाही. मुलीला देताना वाईट वाटणार असेल तर तिलाच विचारून ठेवा, आणि तिने मालकाला दोन ओळी लिहिल्या तर मी ग्रॅब करायच्या आधी पोस्ट करा, म्हणजे क्रम बरोबर लागेल. झिपची पिशवी मी आणतो.